भूल म्हणजे एकच औषध नव्हे

आपल्या वस्तीत असे घर क्वचितच सापडेल की ज्या घरात कुणाचेच ऑपरेशन झालेले नाही. कुणाचे सिझर, कुणाचा हर्निया, कुणाचे अपेंडिक्स, कुणाची पिशवी काढलेली, कुणाच्या पायात सळई घातलेली. ऑपरेशन कोणत्या डॉक्टरांनी केले, किती टाके पडले, किती दिवस राहावे लागले, हे सगळे लक्षात राहते. पण भूल कोणी दिली आणि कोणती दिली, असे विचारले तर बहुतेकांना सांगता येत नाही. "कमरेत सुई दिली" किंवा "तोंडाला काहीतरी लावले आणि झोप लागली" एवढेच उत्तर मिळते.

ज्याची माहिती नसते त्याची भीती वाटते. या भीतीपोटी कुणी ऑपरेशन पुढे ढकलतो. डॉक्टर रागावतील म्हणून कुणी दारू आणि खर्रा लपवतो. लेकरू भुकेने रडते म्हणून कुणी ऑपरेशनच्या सकाळी त्याला गुपचूप दूध-बिस्कीट भरवतो. या तिन्ही गोष्टींनी धोका वाढतो. म्हणून या वेळी आम्ही भुलीच्या औषधांची ओळख करून देत आहोत. नावे पाठ करण्याची गरज नाही. भूलतज्ज्ञ जे प्रश्न विचारतात ते का विचारतात, एवढे कळले तरी पुरे.

भूल देणे म्हणजे काय करणे?

भूल देताना चार कामे करायची असतात. पहिले, दुखणे थांबवणे. दुसरे, गरज असेल तर माणसाला पूर्ण झोपवणे. तिसरे, पोट उघडायचे असेल किंवा हाड बसवायचे असेल तर स्नायू सैल करणे. चौथे, हे सगळे चालू असताना श्वास, नाडी आणि रक्तदाब सांभाळणे.

पूर्वी ही कामे एकाच औषधाकडून करून घेत. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी अमेरिकेतील बॉस्टन शहरात विल्यम मॉर्टन यांनी ईथरची वाफ हुंगायला देऊन एका रुग्णाला सर्वांसमोर भूल दिली आणि त्याच्या मानेवरील गाठीचे ऑपरेशन झाले. पुढच्याच वर्षी एडिंबरोचे जेम्स सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्म वापरात आणला. आपल्याकडची जुनी माणसे भुलीला अजून 'क्लोरोफॉर्म दिला' म्हणतात, ते त्या काळापासून. पण एकाच औषधाने सगळे साधायचे म्हणजे मात्रा वाढवावी लागे. क्लोरोफॉर्मने हृदयाची गती बिघडत असे, यकृताला इजा होत असे. आज ऑपरेशनसाठी क्लोरोफॉर्म वापरत नाहीत.

आता पद्धत बदलली आहे. घर बांधताना गवंडी, सुतार आणि वायरमन वेगवेगळे लागतात, तसे आज प्रत्येक कामाला वेगळे औषध असते आणि ते लागेल तेवढेच दिले जाते. कोणते द्यायचे आणि कोणते टाळायचे, हे रुग्णाच्या प्रकृतीवर ठरते. एकाच दिवशी एकाच ऑपरेशनसाठी आलेल्या दोघांना वेगवेगळी औषधे मिळाली तर त्यात फसवणूक नसते.

जागेपुरती भूल

दात काढताना, टाके घालताना किंवा लहान गाठ काढताना त्या जागेपुरतीच सुई देतात. त्यात बहुधा लिग्नोकेन असते. नसेतून मेंदूकडे जाणारा दुखण्याचा निरोप हे औषध वाटेतच अडवते. हात लावलेला, दाबलेले कळते, पण दुखत नाही. असर साधारण एक ते दोन तास राहतो. कधी त्यात थोडे अॅड्रेनॅलिन मिसळतात. त्यामुळे रक्तस्राव कमी होतो आणि असर जास्त वेळ टिकतो. अॅड्रेनॅलिनने छातीत धडधड होऊ शकते, म्हणून हृदयाचा आजार असेल तर दातांच्या डॉक्टरांनाही सांगावे.

पू झालेल्या जागी लिग्नोकेन नीट काम करत नाही. सुजलेली दाढ लगेच न काढता डॉक्टर आधी गोळ्या देऊन परत बोलावतात, त्यामागे हेही एक कारण असते. दात काढल्यावर ओठ बधिर असेपर्यंत मुलांना खायला देऊ नये. ती नकळत स्वतःचा ओठ चावतात.

कमरेतली सुई

सिझर, हर्निया, हायड्रोसील, मूळव्याध आणि पायाची ऑपरेशने बहुधा या भुलीत होतात. पाठ वाकवून बसवतात किंवा कुशीवर गुडघे पोटाशी घेऊन झोपवतात. मणक्याच्या दोन हाडांमधल्या फटीतून बारीक सुई घालून मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात औषध सोडतात. हे औषध बहुधा बुपिवाकेन असते. त्यात साखरेचे द्रावण मिसळून ते जड केलेले असते, म्हणजे ते त्या पाण्यात खाली बसते आणि कुठपर्यंत पसरेल याचा अंदाज ठेवता येतो. सुई दिल्याबरोबर लगेच सरळ झोपवतात किंवा टेबल थोडे कलते करतात, ते यासाठी. थोड्याच वेळात पाय गरम वाटतात, जड होतात, मग हलत नाहीत. हा असर दोन-तीन तासांत उतरतो.

या भुलीने पायांकडच्या रक्तवाहिन्या सैल होतात आणि रक्तदाब उतरतो. अशा वेळी मळमळते, घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. लाजून गप्प न बसता डोक्याशी उभ्या असलेल्या डॉक्टरांना त्याच क्षणी सांगावे. त्यासाठी सलाईन असते. मेफेन्टरमाइन, एफेड्रिन, फेनिलएफ्रिन अशी दाब वर आणणारी औषधेही तयार ठेवलेली असतात. अंगाला कापरे भरणेही नेहमीचे आहे. पांघरूण मागावे.

सिझरला ही भूल का पसंत करतात? आई जागी राहते, स्वतः श्वास घेते, बाळाचा पहिला आवाज ऐकते आणि बाळापर्यंत औषध फारच कमी पोचते. आई ठीक असली तर थोड्याच वेळात अंगावर पाजूही शकते.

"कमरेत सुई घेतली की आयुष्यभर कंबर दुखते," हे आम्हाला जवळजवळ प्रत्येक वस्तीत ऐकायला मिळते. सुईच्या जागी काही दिवस ठणकते, हे खरे. पण वर्षानुवर्षे दुखणाऱ्या कमरेचे कारण ही सुई नसते. बाळंतपणात सैल झालेले सांधे आणि पोटाचे स्नायू, वाकून पाजणे, लगेच पाण्याच्या कळशा उचलणे, अंगात रक्त कमी असणे ही कारणे शोधावी लागतात. सुईला दोष देऊन थांबलो तर खऱ्या कारणावर उपचार होत नाहीत.

डोकेदुखी मात्र या सुईने होऊ शकते. सुईच्या बारीक छिद्रातून पाणी झिरपत राहिले तर बसल्यावर डोके फार दुखते आणि आडवे झाल्यावर थांबते. आताच्या बारीक सुयांनी हे प्रमाण बरेच कमी झाले आहे. असे झाले तर घरगुती लेप लावत बसू नये, दवाखान्यात कळवावे. यावर उपचार आहेत.

पूर्ण भूल : एकामागून एक येणारी औषधे

पोटाची मोठी ऑपरेशने, दुर्बिणीची ऑपरेशने, डोक्याची, छातीची आणि लहान मुलांची बरीचशी ऑपरेशने पूर्ण भुलीत होतात. येथे औषधे साधारण पुढील क्रमाने येतात.

*भीती कमी करणारे.* मिडाझोलॅम. याने मन शांत होते आणि पुढचे फारसे आठवत नाही. "मला टेबलावर नेले तेच आठवत नाही," असे रुग्ण सांगतात ते बहुधा यामुळे.

*लाळ आटवणारे.* ग्लायकोपायरोलेट किंवा अॅट्रोपिन. घशात लाळ साचू नये आणि नाडी फार मंद होऊ नये म्हणून देतात. ऑपरेशननंतर तोंडाला कोरड पडते त्यात याचा वाटा असतो.

*दुखणे मारणारे.* फेंटानिल किंवा मॉर्फिन. झोपलेल्या माणसाच्या शरीरालाही कापल्याचा त्रास होतो. नाडी धावते, दाब वाढतो. तो त्रास ही औषधे थांबवतात. त्यांनी श्वास मंदावतो, कधी खाज सुटते, मळमळते. म्हणून ती दिल्यावर रुग्णावर नजर ठेवावी लागते.

*झोपवणारे.* आज सर्वांत जास्त वापरले जाणारे औषध म्हणजे प्रोपोफॉल. ते दुधासारखे पांढरे असते. शिरेत जाताना थोडी आग होते आणि मिनिटभरात झोप लागते. एका मात्रेचा असर पाच-दहा मिनिटेच टिकतो. त्याने दाब उतरतो, श्वास काही वेळ थांबू शकतो. म्हणूनच श्वासाची सोय हाताशी असल्याशिवाय ते कोणी देऊ नये. त्याआधी बरीच वर्षे थायोपेंटोन वापरले जाई. फार रक्त गेलेल्या किंवा दाब उतरलेल्या रुग्णाला केटामाइन उपयोगी पडते. ते दुखणेही थांबवते, श्वास बहुधा चालू ठेवते आणि दाब सहसा उतरू देत नाही. लहान दवाखान्यांत त्याचा मोठा आधार असतो. मात्र उतरताना विचित्र स्वप्ने पडतात, रुग्ण बडबडतो. "भूल डोक्यात गेली" म्हणून घरचे घाबरतात. ही अवस्था काही वेळाने निवळते. खोली शांत ठेवावी, रुग्णाला गदागदा हलवू नये.

*स्नायू सैल करणारे.* सक्सिनिलकोलिन, व्हेक्युरोनियम, अॅट्राक्युरियम, रोक्युरोनियम. या औषधांनी झोप लागत नाही आणि दुखणेही थांबत नाही. ती फक्त स्नायू ढिले करतात. श्वासाचे स्नायूही ढिले होतात, म्हणून श्वासनळीत नळी घालून मशीनने श्वास द्यावा लागतो. ऑपरेशननंतर घसा दुखतो तो या नळीमुळे, आणि एक-दोन दिवसांत बरा होतो. सक्सिनिलकोलिन मिनिटभरात काम करते आणि काही मिनिटांत उतरते. तातडीच्या वेळी ते फार मोलाचे ठरते. ते दिल्यावर दुसऱ्या दिवशी अंग मोडून आल्यासारखे दुखू शकते.

*झोप टिकवणारे.* शिरेतल्या औषधाने लागलेली झोप लवकर उतरते, म्हणून ऑक्सिजनबरोबर आयसोफ्लुरेन किंवा सेवोफ्लुरेनची वाफ चालू ठेवतात. सेवोफ्लुरेनचा वास उग्र नसतो. त्यामुळे सुईला घाबरणाऱ्या लेकराला आधी मास्क लावून झोपवता येते आणि नंतर सलाईन लावता येते.

*उलटी थांबवणारे.* ऑनडॅनसेट्रॉन, कधी डेक्सामेथासोन.

*भूल उतरवणारे.* ऑपरेशन संपले की वाफ बंद करतात. ती श्वासावाटे निघून जाते. स्नायूंचे औषध उतरवण्यासाठी निओस्टिग्मिन आणि ग्लायकोपायरोलेट एकत्र देतात. रोक्युरोनियम आणि व्हेक्युरोनियमवर सुगामाडेक्स हे नवे औषधही आहे. मॉर्फिन-फेंटानिलने श्वास फार मंदावला तर नॅलोक्सोन देतात.

या सगळ्या वेळात भूलतज्ज्ञ डोक्याशी बसून असतात. बोटाला लावलेला चिमटा रक्तातला ऑक्सिजन दाखवतो. नखाला गडद नेलपॉलिश असेल तर तो आकडा चुकू शकतो. ती काढून या, असे म्हणतात ते यासाठी.

म्हणून हे लपवू नका

*पोट रिकामे असणे.* झोपलेल्या माणसाचा घसा सैल पडतो. पोटात अन्न असेल तर ते वर येऊन फुप्फुसात जाते आणि त्याने जीवही जाऊ शकतो. साधारण नियम असा : हलके जेवण आणि वरचे दूध ६ तास आधी बंद, आईचे दूध ४ तास आधी बंद, साधे पाणी २ तास आधी बंद. मटण किंवा तळलेले खाल्ले असेल तर ८ तास. दुधाचा चहा पाण्यात मोडत नाही, दुधात मोडतो. दवाखान्याने दिलेली वेळ वेगळी असेल तर तीच पाळावी. लेकराने काही खाल्ले असेल तर मार पडेल, बोलणी बसतील, ऑपरेशन रद्द होईल, असा विचार न करता सांगून टाका. काही तास थांबता येते.

*खर्रा, गुटखा, मशेरी, विडी.* खर्रा-गुटख्याने गालाच्या आतली कातडी आखडते आणि तोंड उघडेनासे होते. आपली तीन बोटे उभी धरून तोंडात जातात का, हे घरीच पाहा. जात नसतील तर श्वासनळीत नळी घालणे अवघड जाते आणि त्याची तयारी आधी करावी लागते. ऐन टेबलावर हे कळले तर वेळ हातात नसतो. विडी-सिगारेट जितकी आधी बंद कराल तितके चांगले. चार आठवडे आधी सोडली तर फुप्फुसांना आणि जखम भरण्याला फायदा होतो. मशेरी लावणाऱ्या आयाबायांना कोणी विचारत नाही आणि त्याही सांगत नाहीत. त्यांनी आपणहून सांगावे. ऑपरेशनच्या दिवशी तोंडात पुडी अजिबात नको.

*दारू.* रोज पिणाऱ्याला भुलीची मात्रा वेगळी लागते. शिवाय दारू अचानक बंद झाल्यावर एक ते तीन दिवसांत हात थरथरणे, भास होणे, फिट येणे असे होऊ शकते. डॉक्टरांना आधी माहीत असेल तर त्यावर औषध देता येते. बायकोने नवऱ्याची अब्रू झाकण्यासाठी हे लपवू नये. डॉक्टरांनी विचारले तर खरे सांगावे.

*सिकलसेल.* विदर्भातील आपल्या वस्त्यांत आणि आदिवासी भागात हा आजार आढळतो, म्हणून हे लक्षपूर्वक वाचा. सिकलसेलमध्ये ऑक्सिजन कमी पडला, अंगातले पाणी कमी झाले किंवा अंग गार पडले तर रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्या तुंबतात. ऑपरेशनमध्ये या तिन्ही गोष्टी घडू शकतात. आधी माहीत असेल तर भूलतज्ज्ञ भरपूर ऑक्सिजन आणि सलाईन देतात, अंग गरम ठेवतात, गरज असल्यास आधी रक्त चढवतात. घरात एकाला सिकलसेल असेल तर बाकीच्यांनी तपासणी करून घ्यावी. लाल-पिवळे कार्ड मिळाले असेल तर ते सोबत न्यावे. लग्न अडेल म्हणून कार्ड पेटीत लपवून ठेवले, तर ऐन वेळी त्याचा उपयोग होत नाही.

*चालू औषधे.* बीपी, साखर, थायरॉईड, फिट, दमा, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या. कोणती घ्यायची आणि कोणती थांबवायची हे डॉक्टरांनाच विचारा. आपल्या मनाने बंद करू नका, आपल्या मनाने घेऊही नका. सांधेदुखीच्या पुड्या आणि जडीबुटीही सांगा. काही पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले असते आणि ते बरेच दिवस घेतलेल्या माणसाच्या भुलीत वेगळी काळजी घ्यावी लागते. दमा, अल्सर किंवा किडनीचा त्रास असेल तर डायक्लोफिनॅकसारखे वेदनाशामक टाळावे लागू शकते.

*मागचा अनुभव.* आधीच्या भुलीत त्रास झाला होता का? रक्ताच्या नात्यात कुणाला भूल दिल्यावर खूप ताप चढला, किंवा बराच वेळ श्वास परत आला नाही, असे घडले का? काही माणसांत सक्सिनिलकोलिन लवकर उतरत नाही आणि हा दोष रक्ताच्या नात्यात चालत येतो. हलणारा दात, कवळी आणि दिवस गेल्याची शंका हेही सांगावे.

हे विचारण्याचा आपला अधिकार आहे

सही करण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा. भूल कोणती देणार? ती कोण देणार? माझ्या प्रकृतीला त्यात कोणता धोका आहे? संमतीपत्र आपल्याला कळेल अशा भाषेत समजावून घ्या. वाचता येत नसेल तर मोठ्याने वाचून दाखवायला सांगा, आणि समजल्यावरच अंगठा द्या. सरकारी रुग्णालयातील बाळंतपण, सिझर आणि त्यासाठी लागणारी औषधे २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली मोफत आहेत. बाहेरून औषधे आणायला सांगितले तर कारण विचारा आणि चिठ्ठी जपून ठेवा.

घरी आल्यावर

पूर्ण भुलीनंतर २४ तास गाडी चालवू नये, दारू पिऊ नये, महत्त्वाच्या कागदावर सही करू नये. म्हातारी माणसे काही दिवस गोंधळल्यासारखी वागू शकतात. त्यांच्याजवळ कुणीतरी बसावे. कमरेतल्या सुईनंतर पायांत ताकद परत आली नाही, लघवी होईना, ताप आला, मान आखडली, किंवा कोणत्याही भुलीनंतर श्वास लागला, तर वाट न पाहता दवाखाना गाठावा.

शेवटी एक काम आजच करा. एका कागदावर घरातील प्रत्येकाचे नाव लिहा. त्यापुढे रक्तगट, सिकलसेलचा निकाल, चालू गोळ्या, न सोसणारे औषध, झालेली ऑपरेशने आणि त्या वेळी दिलेली भूल लिहा. डिस्चार्ज कार्डावर भुलीचा प्रकार बहुधा लिहिलेला असतो. तो नसेल तर मागून लिहून घ्या. शाळेत जाणाऱ्या मुलामुलींकडून हा कागद तयार करून घ्या आणि आधार कार्ड व रेशन कार्ड ज्या पिशवीत ठेवता, त्याच पिशवीत ठेवा. रात्री-अपरात्री धावपळीत आपण निम्म्या गोष्टी विसरतो. भूलतज्ज्ञाने तो कागद वाचला, तर कोणते औषध द्यायचे आणि कोणते टाळायचे हे त्याला लवकर ठरवता येईल.